शून्य कुठे गेले?

गेल्या दिवाळीत आमच्या सूनबाईंची नानकटाई फसली. सूनबाई कॅलिफोर्नियात राहतात आणि फराळाचा निदान एक तरी पदार्थ घरच्या हातचा हवा, असा त्यांचा बाणा आहे. यंदा नानकटाईची पाळी होती. आमच्या हिने इथून फोनवर कृती सांगितली, तूप किती फेटायचे ते सांगितले आणि शेवटी म्हणाली, “भट्टी एकशेऐंशीवर ठेव आणि वीस मिनिटांनी बघ.” सूनबाईंनी भट्टी एकशेऐंशीवर ठेवली. वीस मिनिटांनी पाहिले तर नानकटाई जशी ठेवली तशीच, पांढरीफटक! आणखी वीस मिनिटे गेली. तूप मात्र सुटून ताटभर पसरले. मग दोष आधी मैद्याकडे गेला, मैद्याकडून तुपाकडे गेला, आणि तिथून, आमच्या घरच्या रिवाजाप्रमाणे, माझ्याकडे आला. मी फोनवर मध्ये मध्ये बोलत होतो म्हणून म्हणे सूनबाईंना नीट ऐकू आले नाही.

ऐकू अगदी नीट आले होते. आमची भट्टी सेल्सिअसची आणि सूनबाईंची फॅरनहाइटची, एवढीच गोष्ट होती. हिचे १८० म्हणजे सूनबाईंचे ३५६. आणि सूनबाईंचे १८० म्हणजे आमचे अवघे ८२. त्यात नानकटाई भाजत नाही, फार तर आमटी गरम राहते. गंमत अशी की १८० हा आकडा सूनबाईंच्या भट्टीवरही होता. तो नसता तर त्यांनी लगेच विचारले असते, “अहो आई, एकशेऐंशी कुठेय?” आकडा होता म्हणून विचारले नाही. ही बाब वाचकांनी ध्यानात ठेवावी, पुढे लागणार आहे.

नानकटाईवरून हसण्याचा आपल्याला तसा अधिकार नाही. आपल्या घरात हवा सेल्सिअसमध्ये तापते आणि मुलांचा ताप फॅरनहाइटमध्ये चढतो. कापड मीटरने घेतो, पण नवऱ्या मुलीची उंची फूट-इंचांत सांगतो. साखर किलोने, सोने मात्र अजून बायकांच्या तोंडी तोळ्याने. मी आठ वर्षांचा होतो तेव्हा, १९५७ च्या एप्रिलच्या पहिल्या तारखेला, नवे पैसे आले. आण्याचे सहा नवे पैसे, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे मात्र एकोणीस! त्यामुळे आण्या-आण्याच्या तीन वस्तू एकदम घ्याव्यात की वेगवेगळ्या, यावर आमच्या वाड्यात खडाजंगी वाद चालत. पुढल्या वर्षी, १९५८ च्या ऑक्टोबरात, वजनांची पाळी आली आणि वाण्याकडे शेर आणि किलो काही दिवस सवतींसारखे शेजारी शेजारी नांदले. या सगळ्यात फार तर पैशा-दोन पैशांचे नुकसान झाले. माप चुकले म्हणून कुणाचा श्वास अडकला असे काही मी तेव्हा ऐकले नव्हते.

ते यंदाच्या फेब्रुवारीत ऐकले, आणि तेही घरातल्याच माणसाच्या तोंडून.

आम्ही सगळे अंदमानला गेलो होतो. सगळे म्हणजे मी, ही, आमच्या लेकीची मुलगी आणि मघाच्या सूनबाईंचे चिरंजीव, म्हणजे आमचा नातू. दोघाही नातवंडांना समुद्राच्या तळाशी जाऊन मासे बघण्याचा नाद आहे. नात पुण्याची, ती हे शास्त्र मालवणजवळ तारकर्लीला शिकली. नातू कॅलिफोर्नियातल्या थंडगार समुद्रात शिकला. दोघांनी आपापल्या परवान्यांची कार्डे मला कौतुकाने दाखवली. त्यांची खरी नावे इथे सांगून काम नाही, दोघेही हे सदर वाचतात. आपण नातीला ‘बार’ म्हणू आणि नातवाला ‘पौंड’ म्हणू. का, ते आता कळेल.

स्कूबाचे यंत्र दिसते अवघड, पण मुद्दा सोपा आहे. पाठीवर हवेची टाकी. टाकीतून तोंडापर्यंत नळी. आणि टाकीत हवा किती उरली हे सांगणारे घड्याळाएवढे गेज, दुसऱ्या नळीच्या टोकाला कमरेशी लोंबणारे. या गेजाशी माझी जुनी ओळख आहे. मी उभा जन्म कारखान्यात अशाच गेजांची दुरुस्ती करून काढला. जत्रेत एक पिपाणी मिळते बघा, फुंकली की तिची कागदी गुंडाळी सरळ होते आणि फुंक थांबली की परत वळते. गेजाच्या पोटात नेमके तेच असते. फक्त कागदाच्या जागी चपटी, वाकवलेली धातूची नळी. आत दाब वाढला की ती सरळ व्हायला बघते आणि तिच्या टोकाला जोडलेला काटा पुढे सरकतो. यूजेन बूर्दाँ नावाच्या फ्रेंच माणसाने १८४९ साली तिचे पेटंट घेतले. बॉयलरवर तीच आणि पाणबुड्याच्या कमरेलाही तीच.

नळीला भाषा नसते. भाषा असते ती तबकडीला. युरोपातली, आणि आपल्याकडची बहुतेक गेजे बारमध्ये बोलतात. एक बार म्हणजे आपल्या डोक्यावर या घटकेला हवेचा जेवढा दाब आहे, जवळजवळ तेवढा. भरलेली टाकी म्हणजे २०० बार. अमेरिकेतली गेजे बोलतात चौरस इंचाला किती पौंड या हिशेबात, म्हणजे पीएसआयमध्ये. आपल्या मोटारीच्या चाकात पेट्रोलपंपावर ‘तीस’ हवा भरतात ना, ते हेच पौंड. एका बारचे साडेचौदा पौंड होतात. त्यामुळे तीच भरलेली टाकी अमेरिकन गेजावर ३००० दाखवते.

टाकीच्या नावातही असाच घोळ. बारवाले टाकीला तिच्या पोकळीवरून ओळखतात, “अकरा लिटरची टाकी”, “बारा लिटरची टाकी”. पौंडवाले तीच टाकी पूर्ण भरली तर तिच्यातून बाहेरची किती हवा निघेल ते सांगतात, “ऐंशी घनफुटांची”. म्हणजे एक जण उशीच्या अभ्र्याचे माप सांगतो आणि दुसरा आत ठासलेल्या कापसाचे! (ही प्रसिद्ध ऐंशीवाली टाकी मोजली तर सत्त्याहत्तरच घनफूट भरते. नावातच तीन फूट हवा गुल. पण ते असो.) मला विचाराल तर हिशेबाला बारवाल्यांची रीत बरी. टाकी अकरा लिटरची आणि काटा २०० वर, की गुणाकार करा. हवा २२०० लिटर. काटा एका बारने उतरला की अकरा लिटर हवा गेली. शाळकरी पोराला पाण्याखाली जमेल असा हिशेब. पौंड-घनफुटांचा हिशेब मला टेबलावर कागद घेऊनही दोनदा करावा लागतो.

आता त्या सकाळी काय झाले ते ऐका.

‘पौंड’ने आपले गेज अमेरिकेहून बरोबर आणले होते. आपले दातांचे ब्रश आपण नेतो तसे हे लोक तोंडात धरायची नळी आणि गेज आपापले नेतात, आणि ते बरोबरच आहे. टाकी तिथली, भाड्याची. होडीवर वाटाड्याने सांगितले की अठरा मीटरच्या खाली जायचे नाही. शंभर बार राहिले की परत फिरायचे आणि पन्नास राहायच्या आत वर. ‘पौंड’ने लगेच विचारले, “अठरा म्हणजे साठ फूट ना?” वाटाड्या हो म्हणाला. खोलीच्या बाबतीत चूक होण्याची भीतीच नव्हती. साठ मीटर खोल जायला कोण निघाला होता? दाबाचे मात्र कुणी काही विचारले नाही. टाकी भरलेली आहे का, या प्रश्नाला ‘पौंड’ “थ्री थाउजंड” म्हणाला, इंजिनाच्या आवाजात वाटाड्याने मान हलवली, आणि तिघे पाण्यात उतरले.

पाण्याखाली बोलता येत नाही. सगळा कारभार हातांनी. वाटाड्याने एका तळहातावर दुसऱ्या हाताची दोन बोटे टेकवली, की त्याचा अर्थ, “हवा किती?” मग बोटांनी आकडा सांगायचा. बऱ्याच वेळाने वाटाड्याने तसे विचारले. ‘पौंड’ने गेज पाहिले. काटा १५०० वर होता. त्याने आधी एक बोट दाखवले आणि मग पाचही बोटे. एक आणि पाच. शून्ये दाखवत बसण्याची त्याच्याकडे रीत नव्हती. शिवाय मूठ वळून शून्य दाखवावे, तर मुठीचा अर्थ पुष्कळ ठिकाणी “हवा संपत आली” असा होतो.

वाटाड्याने वाचले, १५० बार. वा, पोरगा हवा बेताने घेतोय! त्याने अंगठा आणि तर्जनी जुळवून “ठीक” अशी खूण केली आणि प्रवाळाच्या भिंतीच्या कडेने तो आणखी पुढे निघाला. ‘पौंड’ला वाटले, याला माझी निम्मी टाकी उरल्याचे कळले आहे, तरी नेतो आहे, म्हणजे नेण्यासारखे असेल.

खरे तर १५०० पौंडांचे होतात १०३ बार. म्हणजे परत फिरायची वेळ तेव्हाच झाली होती.

नंतर पुन्हा खूण झाली, “किती?” काटा १००० वर. एक बोट आणि वळलेली मूठ. वाटाड्याने वाचले, शंभर बार, आणि ठरल्याप्रमाणे त्याने मोहरा वळवला. पण ते शंभर नव्हते, ६९ होते. होडीचा दोर तिथून दहा मिनिटांवर आणि प्रवाह आता समोरून.

अर्ध्या वाटेवर ‘पौंड’ला धाप लागली. शेजारून पोहणाऱ्या ‘बार’ने सहज म्हणून त्याचे गेज हातात धरून पाहिले. काटा लाल पट्ट्याच्या अगदी तोंडाशी, आकडा ६००. मी तिला मागे एकदा सांगितले होते की गेज हातात घेतले की आधी काच बघायची, मग कोपऱ्यातली बारीक अक्षरे वाचायची आणि आकडा शेवटी. तिने अक्षरे वाचली. पुढे तिने काही हिशेब केला नाही. मोहीम थांबवण्याची खूण केली, आपल्या टाकीची जादा नळी दादाच्या तोंडाशी नेली, आणि दोराची वाट न पाहता तिघेही तिथूनच हळूहळू वर आले. पाच मीटरवर नियमाप्रमाणे तीन मिनिटे थांबले, तेही एकाच टाकीवर. ‘बार’च्या टाकीत तोवर ९० बार शिल्लक होते, पोरगी श्वाससुद्धा काटकसरीने घेते.

हे सगळे मला संध्याकाळी ओसरीवर कळले, आणि तेही “आजीला सांगू नका” या अटीवर. ‘पौंड’ने जेव्हा “मी एक आणि पाच दाखवलं, आजोबा” असे म्हटले, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. कारण हे मी पूर्वी पाहिले होते. आमच्या कारखान्यात एका रात्री हवेच्या लाइनीवरचे गेज बदलले. जुने किलोंचे होते, नवे मिळाले ते पौंडांचे. भिंतीवरच्या पाटीवर लिहिलेले, “दाब ७”. रात्रपाळीच्या माणसाने नव्या तबकडीवर सात शोधला. तो शून्याला इतका चिकटून होता की तो हा सात नव्हे हे त्याने ओळखले, आणि गेजात एखादे शून्य जास्त असेल असे समजून त्याने काटा सत्तरावर लावला. हवा होता शंभराच्या आसपास. रात्रभर यंत्रे आजाऱ्यासारखी चालली आणि आम्ही सकाळपर्यंत पट्टे तपासत बसलो. गेज बसवले होते मी. पाटी बदलायला विसरलो होतो, तोही मीच. त्या माणसाला बोलणी खावी लागली आणि मी गप्प राहिलो, हे आज पहिल्यांदा लिहितो आहे.

ओसरीवर मी कागद-पेन्सिल घेतली. अठरा मीटर खोल पाण्यात दाब २.८ बार, दर दहा मीटरला एक बार वाढतो आणि वरचा एक असतोच. माणूस पृष्ठभागावर मिनिटाला वीस लिटर हवा घेत असेल, तर तिथे टाकीतून ५६ लिटर जाते. वाटाड्याने धरलेले १५० आणि खरे १०३, यांतला फरक ४७ बार. अकराने गुणले की ५१७ लिटर. म्हणजे एका शून्याच्या घोळाने नातवाची नऊ मिनिटांची हवा कागदावर जास्त दाखवली. आणि ६०० पौंड म्हणजे ४१ बार, साडेचारशे लिटर. शांतपणे श्वास घेतला तर आठ मिनिटे.

“आणि धाप लागली असली तर?” मागून आवाज आला. ही दारात उभी होती. कधीपासून, देव जाणे.

“धाप लागली तर दुप्पट हवा लागते,” मी म्हटले. “म्हणजे चार.”

“आणि दोर किती लांब होता?”

कुणी बोलेना. शेवटी ‘बार’ म्हणाली, “पाच मिनिटं, आजी.”

ही काही बोलली नाही. आत गेली आणि नातवाच्या आवडीचे थालीपीठ थापायला बसली. पीठ पुण्याहून नेलेले होते. थापतानाचा आवाज नेहमीपेक्षा मोठा येत होता.

वातावरण हलके करावे म्हणून मी मुलांना एक खरी घडलेली गोष्ट सांगितली. ती हलकी होती असे मात्र नव्हे. १९८३ च्या जुलैत कॅनडात एक नवे कोरे बोइंग ७६७ विमान ६९ माणसांना घेऊन निघाले. त्याची इंधनाची गेजे बंद होती, म्हणून इंधन मोजपट्टीने मोजून आणि हिशेब करून भरले. लागणार होते २२,३०० किलो. पण हिशेबात लिटरला ०.८ किलो धरण्याऐवजी जुन्या सवयीने १.७७ धरले. ते पौंड होते. विमानात २२,३०० भरले खरे, पण पौंड, निम्म्याहूनही कमी. एक्केचाळीस हजार फुटांवर आधी एक इंजिन बंद पडले आणि मग दुसरे. वैमानिकाला इंजिनाविना उडणारी विमाने चालवण्याचा छंद होता, म्हणून त्याने ते धूड घारीसारखे तरंगवत गिमली नावाच्या गावाजवळच्या जुन्या धावपट्टीवर उतरवले. सगळी माणसे वाचली. तिथेही तीच गोष्ट बघा: उत्तर आले ते नेमके हवे तेवढेच, २२,३००. ते २२३ आले असते किंवा दोन लाख आले असते, तर कुणीतरी डोके खाजवले असते. साठ फुटांच्या जागी साठ मीटर कुणी ऐकत नाही; पण दीडशे आणि दीड हजार ही दोन्ही उत्तरे पाण्याखाली सारखीच शहाणी दिसतात. सूनबाईंच्या भट्टीवर १८० होते, तसेच.

‘पौंड’ म्हणाला, “पण आजोबा, तिथे खाली साडेचौदानं भागायचं कसं?”

भागायचे नाहीच. मी त्याला गुजराती पेढीवरचा वाटावा असा हिशेब सांगितला. गेजावरच्या आकड्याचे शेवटचे शून्य पुसायचे. उरेल त्याचे तीन वाटे करायचे आणि दोन ठेवायचे. १५०० चे १५०, त्याचे दोन वाटे १००. सहाशेचे साठ, त्याचे चाळीस. तीन हजारांचे दोनशे. उत्तर खऱ्यापेक्षा शंभरात तीन-चारने कमी येते, आणि चुकायचेच असेल तर याच बाजूने चुकावे. हवा आहे त्याहून थोडी कमी समजणाऱ्याचे काही बिघडत नाही. ‘बार’ म्हणाली, “त्यापेक्षा त्यानं तिथलं गेज भाड्यानं घ्यावं.” तेही खरे. पण नातवाचा आपल्या गेजावर जीव, आणि माझाही गेजांवर. मी हिच्या औषधांच्या डब्यातली चिकटपट्टी कापली, तबकडीच्या कडेने चिकटवली आणि ७२५ पाशी ‘५०’, १४५० पाशी ‘१००’, २१७५ पाशी ‘१५०’ असे बारीक अक्षरांत लिहिले. हात थोडा कापतो हल्ली, पण अक्षरे वाचता येत होती. शेवटी मोठ्या अक्षरांत ‘बार’ लिहिले. नातीला वाटले आपलेच नाव लिहिले.

दुसऱ्या दिवशी मुले पुन्हा जाणार का, यावर घरात सकाळी थोडे राजकारण झाले. ही म्हणाली, जा. पण आधी ती पाण्याखालची खूण मला दाखवा. दोघांनी दाखवली. आणि होडीवर चढल्याबरोबर ‘पौंड’ने आपले गेज वाटाड्याच्या नाकासमोर धरले, पट्टीवर बोट ठेवून सगळे समजावले, मगच टाकी पाठीला बांधली. आदल्या दिवशीचाच वाटाडा होता. तो बराच वेळ ती चिकटपट्टी बघत होता, असे नात म्हणाली.

आम्ही दोघे धक्क्यावर बसून होतो. ही वर्तमानपत्र उघडून बसली होती, पण पान काही उलटत नव्हती. दीड तासाने होडी दिसली. ती पुरती लागलीही नव्हती, तोच ही धक्क्याच्या टोकाशी जाऊन उभी राहिली आणि तिने उजव्या हाताची दोन बोटे डाव्या तळहातावर टेकवली.

‘पौंड’ने होडीतून पाच बोटे दाखवली, मग दोन, मग मूठ. सत्तर. हिच्या चेहऱ्यावर शंका उमटलेली त्याला लांबूनही दिसली असावी, कारण तो दोन्ही हात तोंडाशी धरून सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल असा ओरडला, “बार, आजी, बार!”

आमच्या शेजारी उभ्या असलेल्या एका सभ्य गृहस्थांनी आधी आमच्याकडे पाहिले, मग होडीकडे पाहिले, आणि मोठ्या अदबीने हिला सांगितले की तो बाजाराच्या पलीकडे आहे, पण सकाळी उघडत नाही.